चिमूटभर धूप

आधी नगरप्रमुखाने धूप टाकायचा, मग नगरसभेने आणि मग गावाने, असं ठरलं होतं. कोरिआसाचा नगरप्रमुख म्हणजे अम्मियाचा नवरा ग्लायकॉन, आणि त्या वर्षी पर्वतमातेची पुजारीण होती खुद्द अम्मिया. त्यामुळे नवऱ्याच्या हातावर धूप ठेवायचं काम बायकोकडेच आलं. घरून निघताना तिने त्याची चेष्टाही केली.

"आज तरी माझं ऐकावं लागेल हं तुम्हाला. मी सांगेन तेव्हा हात पुढे करायचा."

"घरात अठरा वर्षं दुसरं काय करतोय?" ग्लायकॉन म्हणाला. एरवी असं काही बोलला की तो स्वतःच आधी हसायचा. आज हसला नाही. अम्मियाला वाटलं, थंडी बाधली असेल. मार्च उजाडला तरी फ्रिजियाच्या त्या पठारावर वारा अजून दात वाजवत होता.

हुकूम रोमहून आला होता. साम्राज्यातल्या झाडून सगळ्यांनी, बायाबापड्यांसकट, देवांपुढे धूप टाकायचा, मद्याची धार सोडायची, बळीच्या मांसाचा घास खायचा आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नाही तो तुरुंगात. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट मटण फुकट मिळणार म्हणून लोक खूश होते. ओढ्याकाठच्या कुंभारवाड्यात ख्रिस्ताला मानणारी तीसेक घरं होती, त्यांना दुसऱ्या देवांची पूजा वर्ज्य, त्यांचंच काय ते अवघड होतं. नगरसभेच्या पस्तीस जणांचे दाखले तर कारकुनाने आदल्या दिवशीच लिहून ठेवले होते. तपासणीवर नेमलेल्या दिओगासने, म्हणजे अम्मियाच्या धाकट्या भावाने, त्यावर सह्याही करून टाकल्या होत्या. ते पस्तीस जण तरी कशाला मागे राहतील?

वेदीतला निखारा चांगला फुलला होता. चौक माणसांनी भरला होता. अम्मियाने डबी उघडली, चिमूटभर धूप घेतला आणि ग्लायकॉनच्या उघड्या तळहातावर ठेवला.

तो हाताकडे बघत राहिला.

"टाका ना," ती पुटपुटली.

"नाही होत माझ्याच्याने."

"काय होत नाही? चक्कर येतेय का?"

"नाही. हेच होत नाही."

दिओगास दोन पावलं पुढे आला. "दाजी, लोक बघतायत," तो ओठ न हलवता म्हणाला.

"बघू देत," ग्लायकॉन म्हणाला. मग नगरसभेत बोलायचा तशा स्वच्छ, वर चढलेल्या आवाजात तो म्हणाला, "मी ख्रिस्ताचा आहे. मला हा धूप टाकता येणार नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ग्लायकॉन तोंड गंभीर ठेवून थट्टा करतो, हे गावाला ठाऊक होतं. पहिल्या रांगेतला एक बहिरा म्हातारा सभासद शेजाऱ्याला मोठ्याने विचारू लागला, "काय म्हणाला? काय म्हणाला तो?" हसणारा गप्प झाला. चौकात एवढी शांतता पसरली की बळीसाठी बांधलेल्या मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

ग्लायकॉनने अम्मियाच्या हातातल्या डबीवर आपला तळहात हळूच उपडा केला आणि धूप परत आत झटकला. एक कण खाली सांडू दिला नाही. घरात तो मीठसुद्धा असंच परत ठेवायचा.

शिपाई बाजूलाच उभे होते. नेमानुसार नकार देणाऱ्याला धरायचं होतं. पण ते त्याचेच शिपाई, त्याच्याच हुकमाचे ताबेदार. ते त्याच्याच तोंडाकडे बघत राहिले.

"उभे काय राहिलात?" ग्लायकॉन त्यांना म्हणाला. "चला घेऊन मला."

आणि ते गेले. तो पुढे आणि शिपाई मागे, रोज सभागृहातून निघायचे तसेच. अम्मिया डबी हातात धरून उभी होती. दिओगासने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिला समजलं की आपण झाकण लावायचा प्रयत्न करतोय आणि ते उलटं धरलंय.

घरी आली ती तडक स्वयंपाकघरात. तातिस, घरातली जुनी दासी, जवाचं पीठ मळत होती. अम्मिया दारातच थांबली.

"ऐकलंस का काही?"

तातिसने मान हलवली. बातमी पुजारणीच्या आधी घरी पोचली होती. ती रडत होती, पण चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नव्हतं, आणि अम्मियाने नेमकं तेच टिपलं.

"केलंच मालकांनी शेवटी," तातिस म्हणाली.

"शेवटी? शेवटी म्हणजे काय गं?"

तातिसचे हात पिठात थांबले.

"बोल. नाहीतर आत्ता घराबाहेर काढीन."

"बाई, तीन वर्षं झाली," तातिस खाली बघूनच बोलली. "आपली नाना तापात गेली ना, तेव्हापासून."

नाना त्यांची मुलगी. नऊ वर्षांची. त्या तापाच्या साथीत सगळे नातेवाईक पळाले होते. दिओगाससुद्धा डोंगरावरच्या मळ्यात जाऊन बसला होता. अम्मिया स्वतः अकरा दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा मुलगी पुरलेली होती, घर सारवलेलं होतं आणि उशाशी पाण्याचा नवा माठ होता. कोणी केलं हे, असं तिने तेव्हा विचारलंही नव्हतं.

"कुंभारवाड्यातली माणसं यायची," तातिस म्हणाली. "मानेस कुंभार आणि त्याची बायको. नानाला त्यांनीच आंघोळ घातली, त्यांनीच नेलं. मग मालक त्यांच्याकडे जायला लागले. आधी आभार मानायला म्हणून. नंतर ऐकायला."

"आणि तू?"

"मी त्यांच्याबरोबर."

"दरवानाला ठाऊक होतं?"

"हो, बाई."

"माळ्याला?"

तातिस पुन्हा पीठ मळू लागली.

"म्हणजे माळ्यालासुद्धा!" अम्मियाचा आवाज फाटला. "गाढवं तेवढी राहिली असतील बहुतेक! त्यांना पण बोलावून सांगायचं होतंत. सगळ्या घराला ठाऊक, आणि ज्या बाईच्या शेजारी तो माणूस झोपतो तिला पत्ता नाही!"

"मालक म्हणायचे, तिला सांगितलं तर तिला रोज देवीपुढे खोटं उभं राहावं लागेल. तिचं मन साफ आहे, ते तसंच राहू द्या, म्हणायचे."

अम्मिया चुलीजवळच्या बाकावर बसली. सणाच्या दिवशी नेमका ग्लायकॉनचा गुडघा दुखायचा. गेल्या वर्षी देवीच्या मिरवणुकीला तो अंथरुणातच होता. तिने स्वतः लोकर गरम करून त्या गुडघ्याला बांधली होती. ते आठवून तिला एवढी लाज वाटली की तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिओगास आला. त्याने कमरेच्या घडीतून एक दाखला काढला.

"ताई, हा दाजींचा. आदल्या दिवशी लिहिलेला. फाडायला पाहिजे होता, मी फाडला नाही. सही आहे, शिक्का आहे, सगळं आहे. सहा दिवसांनी प्रांताधिपती येतोय, त्याच्यापुढे हाच ठेवू. दाजींनी फक्त तोंड बंद ठेवायचं."

"आणि गावाने बघितलं त्याचं काय?"

"गाव बोलणार नाही. मी घरोघर जाऊन आलोय. दुष्काळात दाजींनी कोठार उघडलं होतं, ते लोक विसरले नाहीत. तू फक्त त्यांना तयार कर. तुझं ऐकतील."

"माझं!" अम्मिया म्हणाली. पण तिने डोक्यावर शाल घेतली, भाकऱ्या आणि मेंढीचं चीज बांधून घेतलं आणि ती तुरुंगावर गेली.

तुरुंगाच्या अधिकाऱ्याने नगरप्रमुखाच्या बायकोला सवयीने वाकून नमस्कार केला आणि मग कसनुसा झाला. आत ग्लायकॉन गवतावर बसला होता, शेजारी हाता-पायाने किडकिडीत, मातीने नखं काळी झालेला एक म्हातारा. तो मानेस कुंभार असणार, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तिने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काहीच तोंडून निघालं नाही.

"गुडघा कसा आहे?" ती म्हणाली.

ग्लायकॉनने मान खाली घातली. "अम्मिया, चुकलो मी."

"कधी? तीन वर्षं चुकलात की काल चुकलात, ते तरी सांगा."

"तुला सांगितलं नाही, ते चुकलं. पण कालचं मी ठरवून केलेलं नाही. तुला खोटं वाटेल. मी टाकणार होतो."

"काय?"

"धूप. टाकणारच होतो. रात्रभर स्वतःला समजावलं की चिमूटभर धूप तर आहे, त्याने काय होतंय. घरी बायको आहे, गाव आहे. मागच्या दोन वर्षांत देवांच्या नावाने घ्यायच्या शपथा टाळल्या, पण त्याआधी काय कमी घेतल्या? एक आणखी. असं ठरवूनच घराबाहेर पडलो."

"मग?"

"हात उठलाच नाही." तो तिच्याकडे आता सरळ बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिच्याइतकाच धक्का दिसत होता. "परवा दुपारी या मानेसला ख्रिस्ती लोकांचा पुढारी म्हणून आधीच आत टाकायचा कागद माझ्यापुढे आला. नगरप्रमुखाची सही लागते. मी केली. ज्या माणसाने माझ्या पोरीला खांद्यावरून नेलं, त्याच्या नावापुढे सही केली आणि वर कारकुनाला म्हणालो, शाई वाळू दे नीट. दुसऱ्या दिवशी त्याच हातावर तू धूप ठेवलास."

अम्मिया गर्रकन कुंभाराकडे वळली. "तूच ना रे यांना नादी लावलंस? माझ्या घरात शिरलास, आणि आता बस बघत!"

म्हातारा उठून उभा राहिला. "बाईसाहेब, शिव्या द्या, मी खातो. पण मी मालकांना उलटंच सांगत होतो. तुम्ही वर खुर्चीवर आहात तोवर आमच्या पोराबाळांवर पांघरूण आहे, म्हणून जपून राहा, असंच म्हणत आलो. यांना आत येताना बघितलं आणि म्हटलं, संपलं. आता खाली कुंभारवाड्यात कोण वाचवणार आम्हाला?"

भांडायला समोर कोणीतरी हवं होतं, तेही राहिलं नाही. तिने दाखला काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "यावर लिहिलंय की तुम्ही टाकला. तुम्ही हो म्हणू नका, नाही म्हणू नका. नुसते उभे राहा. एवढं करा माझ्यासाठी. तीन वर्षं गप्प राहिलात ना? मग आणखी एक तासभर राहा."

ग्लायकॉनने तो वाचला. शेवटपर्यंत, शिक्क्यासकट.

"दिओगासने जीव धोक्यात घातलाय," तो म्हणाला.

"हो. घातलाय. त्याची तरी लाज ठेवा."

त्याने दाखला घडी करून परत दिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पुढचे पाच दिवस ती रोज गेली, रोज तेच बोलली. रडली, भांडली, एकदा तर त्याच्या पायावर डोकं आपटलं. तो तिचे केस सारखे करायचा आणि गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यालाच ती होकार समजत गेली.

प्रांताधिपती आला तो सर्दी घेऊनच. सभागृहात बसल्या बसल्या त्याने नाक शिंकरलं आणि घाईने कागद चाळले. पुढच्या गावी पोचायचं होतं त्याला. एका दरवाजापाशी बायकांची गर्दी होती, अम्मिया तिथे सगळ्यांत पुढे उभी होती.

"नगरप्रमुख ग्लायकॉन," प्रांताधिपती म्हणाला. "नकार दिला म्हणून तुला आत टाकलंय, आणि इथे तर तुझा दाखला आहे. देवांपुढे धूप टाकला, मद्य ओतलं, मांस चाखलं. मेहुण्याची सही. मग भांडण कसलं?" त्याने मान वर करून सभागृहाकडे बघितलं. "याने धूप टाकला नाही, असं डोळ्यांनी पाहिलेला इथे कोणी आहे?"

दोनशे माणसं होती. दोनशेंनीही पाहिलं होतं. कोणी खोकलासुद्धा नाही. बहिरा म्हातारा शेजाऱ्याला काही विचारू लागला, तर शेजाऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. अम्मियाच्या अंगावर काटा आला. तिने मनातल्या मनात देवीला हाक मारली. आई, एवढा एक क्षण त्याची जीभ धरून ठेव.

ग्लायकॉनने माणसांवरून एकदा नजर फिरवली. त्याचे डोळे भरले होते.

"महाराज," तो म्हणाला, "हे माझ्यासाठी गप्प आहेत. नगरसभेचे दाखले आदल्या दिवशी लिहून ठेवा, हा हुकूम माझा होता. दिओगासने सही केली तेव्हा मी टाकणार असंच त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. दोष असेल तर हुकूम देणाऱ्याचा. पण मी धूप टाकलेला नाही."

दिओगासच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तो खांबाला टेकला.

प्रांताधिपतीने दाखला दोन बोटांत धरला, थोडा वेळ बघितला आणि फाडून टाकला. दिओगासकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. "ठीक. मग आता टाक. वेदी समोर आहे, आणि मला घाई आहे. तू पदावरचा माणूस, तुझ्यासारख्याला मारून मला काय मिळणार?"

"नाही, महाराज."

"अरे, चिमूटभर धूप!"

"मीही स्वतःला तेच सांगितलं होतं," ग्लायकॉन म्हणाला. "नाही जमलं."

शिक्षा आधी लॅटिनमध्ये वाचली गेली. कोरिआसात ती भाषा कोणाला येत होती? दुभाषा ग्रीकमध्ये सांगायला तोंड उघडेपर्यंत सगळे माना उंच करून उभे होते. पण ग्लायकॉनला लॅटिन येत होतं. अम्मियाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दुभाष्याच्या आधीच तिला कळलं. त्याच्या ओठाचा एक कोपरा थरथरला, जसा नाना गेल्याचं सांगताना थरथरला होता. मग दुभाषा म्हणाला, तलवार. पदावरच्या माणसाला दिलेला तेवढा मान.

कुंभार मानेसला खाणीवर सक्तमजुरीला धाडलं.

दुपारीच झालं. वेशीबाहेर विटांच्या भट्ट्यांमागे. अम्मिया वेशीपर्यंत चालत गेली आणि तिथे तिचे पाय राहिले. दगडाला धरून ती उभी राहिली. लोक गेले, लोक परत आले. तिच्या अंगावरून जाताना सगळे खाली बघत होते. प्रेत कुंभारवाड्यातल्या बायांनी नेलं, असं तिने ऐकलं. कुठे, ते तिने विचारलं नाही.

घराला सरकारी कुलूप लागलं. अम्मिया आणि नोकरमाणसं दिओगासकडे आली. तिसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर येऊन बसला, नजर चोरत.

"ताई, पांढरं-काळं काही नेसू नकोस. शिक्षा झालेल्याचं सुतक धरायचं नसतं. तसा हुकूम आहे. आणि उद्यापासून वेदीवर तूच बसायचंस. राहिलेल्या लोकांचे दाखले करायचेत."

"मी?"

"तू नाही बसलीस तर म्हणतील, बायकोही त्यातलीच. मग मीही त्यातलाच. मला दोन पोरं आहेत गं."

ती बसली. डबी तीच होती. दोन दिवस लोक येत राहिले, शेतकरी, लोहार, लोकर धुणारे. ती धूप द्यायची, ते टाकायचे, मांस चावायचे, दाखला घेऊन जायचे. कुंभारवाड्यातलेही आले. काहींनी टाकण्याआधी मागे वळून बघितलं, काहींनी नाही. तिच्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. तिला काहीच वाटत नव्हतं, जसं बधिर झालेल्या बोटाला काही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुलूपबंद घरातली माणसं रांगेला लागली. माळी, दरवान आणि त्यांच्या पुढे तातिस.

तातिसने हात पुढे केला. कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग असलेला तो हात अम्मियाला आपल्या हाताइतका ओळखीचा होता. तिने त्यावर धूप ठेवला. तातिस थांबली. अम्मियाही थांबली. आणि एकाएकी तिच्या तोंडाशी एक शब्द आला, इतक्या जोरात की तिला दात आवळावे लागले. नको. नको टाकूस.

तातिसने टाकला. निखाऱ्यावर चर्र झालं, धूर वर आला. तिने मांसाचा तुकडा तोंडात घेतला आणि डोळे मिटून गिळला. कारकुनाने दाखला तिच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला, तिला वाचता येत नव्हतं.

अम्मिया जागच्या जागी हादरली होती. सहा दिवस ती नवऱ्याकडे हेच मागत होती. एवढंच. पायावर डोकं आपटून हेच मागितलं होतं तिने. आणि ज्या बाईने ते मुकाट्याने केलं तिच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. आपण देवीची पुजारीण आहोत, हे तिला क्षणभर आठवेना.

"ताई," दिओगास मागून म्हणाला, "पुढच्याला येऊ दे."

अम्मियाने डबी त्याच्या हातात दिली. "तू दे धूप."

"अगं, असं कसं? पुजारीण तू..."

"हात भरून आलाय माझा. तू दे."

ती वेदीच्या पायऱ्या उतरली. तातिस खांबाआड उभी होती, दाखला मुठीत चुरगाळलेला.

"बाई, मला मालकांसारखं नाही जमलं," ती म्हणाली. "भीती वाटली मला. उद्या विकून टाकतील, कोण कुठला मालक मिळेल, म्हणून..."

"गप्प बस." अम्मियाने शाल डोक्यावर घेतली. "त्यांना कुठे ठेवलंय, माहीत आहे तुला?"

तातिसने वर बघितलं. "हो. ओढ्यापलीकडे. नानाच्या शेजारी."

नानाच्या शेजारी. मुलीला कुठे पुरलं हेही अम्मियाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. घराण्याच्या दगडी समाधीत असेल, असं ती तीन वर्षं धरून चालली होती.

"दाखव मला."

"बाई, दिवसाढवळ्या? हुकूम आहे ना... आणि तिथे कुंभारवाड्यातल्या बाया असतात. मला आता तिथे तोंड दाखवता यायचं नाही."

"मलाही नाही," अम्मिया म्हणाली. "चल."

चौक भरलेला होता. दोघी मधूनच गेल्या आणि लोकांनी वाट दिली. दिओगासने एकदा हाक मारली, मग मारली नाही. वेशीपाशी ती दगडाजवळ थबकली. तातिसने तिच्या दंडाला धरलं आणि दोघी उतारावरून ओढ्याच्या दिशेने चालू लागल्या.